द्वारकेचं बारसं

वरवंटा आणायला मला चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात जावं लागलं, कारण माझ्या भावाच्या घरी मिक्सर होता, वरवंटा नव्हता. कौशिक इथे जयपूरला रेल्वेत आहे. त्याच्या मुलीचं बारसं होतं, आणि आमच्याकडे बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला झबलं घालून बायका पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे देतात. मी आत्या, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा, म्हणून दगडाची हमालीही माझ्याच गळ्यात पडली.

तुम्हाला माहीत आहे, कॉलेजातल्या नोकरीबरोबर मी दिवाळी अंकांसाठी भयकथा लिहिते. त्या वेळी नव्या कथेतल्या बाईला नाव सापडत नव्हतं, आणि नावाशिवाय माझं पात्र जागचं हलत नाही. ओळखीतलं नाव घ्यावं, तर इथल्या मूठभर मराठी घरांत तोंड दाखवायची सोय उरत नाही. बाई कशी, ते मात्र ठरलं होतं. नासलेल्या दुधावरच्या सायीसारखी ओली कातडी, नखांत आंबलेला भात, अंगाला कूलरमध्ये कुजलेल्या वाळ्याचा वास. लिहिताना मलाच मळमळायचं, आणि मळमळलं की मी खूश व्हायचे.

परतताना ई-रिक्षात वरवंटा मांडीवर होता. नावं पुटपुटून बघायची मला खोड आहे. 'द्वारका' सुचलं, आणि गंमत म्हणून मी दगडाच्या टोकाशी ओठ नेऊन कुर्र केलं, नाव सांगितलं. मग ती कशी दिसते, तिच्या अंगाला कसला वास येतो, तेही सगळं सांगून टाकलं. नाव इतकं चपखल बसलं की घरी पोचताच मी कथा झपाट्याने लिहून काढली.

बारसं भर दुपारी होतं. बाहेर लू सुटलेली, म्हणून खिडक्या घट्ट लावल्या होत्या. रेल्वे कॉलनीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या सुमित्राकाकूंनी वरवंट्याला काजळ लावलं आणि तो फिरायला लागला. बायका हसत होत्या, मग एकेकीचं हसणं थांबलं. जिच्या हातातून तो पुढे जाई, ती हात पदराला पुसत होती. माझ्याकडे आला तेव्हा मला कळलं. झबलं ओलं होतं. बोटं किंचित आत रुतली... दगडात रुतू नयेत तशी. आणि तोच वास आला, मी लिहिलेला. मी तो पाळण्यात टेकवला आणि लगेच उचलला, तर माझ्या तळहाताला पांढरट पापुद्रा चिकटला होता. शी! अजूनही तो हात मी जेवताना वापरत नाही.

त्याच पाळण्यात बाळाला घातलं. मी वाकून कानात 'संपदा' म्हटलं. बाळाने तोंड फिरवलं.

काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून विचारलं, "खरं सांग... ह्या दगडाला काही नाव ठेवलंस?"

मी होकारार्थी मान हलवली.

"वरवंट्याला नाव नसतं ठेवायचं गं," काकू अगदी हळू म्हणाल्या. "नाव मिळालं की त्याला पाळणाही हवा होतो."

वरवंटा मी घरी घेऊन आले. पण त्या दिवसापासून संपदाने दूध पिणं सोडलं. माझी भावजय रूपाली फोनवर रडायची. "मतलब, तोंडात घेते आणि थुंकते, ताई," एवढंच सांगायची. डॉक्टरांना काही सापडेना, आणि पोरीच्या बरगड्या दिसू लागल्या. माझ्या भावाचं लेकरू माझ्या एका शब्दामुळे सुकत चाललं होतं. मला स्वतःचीच किळस आली.

मग मी दगड लॅपटॉपशेजारी ठेवला आणि कथा उघडली. आधी नाव पुसलं. मग कातडी पुसली, नखं पुसली, शेवटी वास. पुसलेल्या प्रत्येक वर्णनासरशी दगड कोरडा होत गेला. शेवटी मी मन घट्ट करून तो नाकाशी धरला, तर नुसत्या दगडाचा वास आला. संध्याकाळी रूपालीचा फोन आला. संपदा दूध पीत होती, अधाशासारखी पीत होती. फोन ठेवून मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी झबली घेऊन गेले. कौशिक ड्युटीवर होता. बाळ एका रात्रीत गुबगुबीत झालं होतं, पण रूपालीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने पदर आवळून घेतला होता.

"ताई... ही चावते."

अजून मान न धरणारं पोर कसलं चावणार, असं म्हणत मी हात धुतले आणि करंगळी बाळाच्या तोंडात घातली. पुढच्या हिरड्या मऊ होत्या. बोट आणखी आत गेलं. तिथे काहीतरी टोकदार लागलं. रूपालीने मोबाइलचा टॉर्च धरला.

मागे, अगदी मागे, एक दाढ होती. म्हाताऱ्या माणसाची असते तशी झिजलेली, अर्धी किडलेली, वर्षानुवर्षं मिश्री लावून काळी पडलेली. किडीच्या भोकात आंबलेल्या भाताचं शीत अडकलं होतं.

माझ्या कथेत दातांबद्दल एक ओळही नव्हती.