चौथा नट

ही गोष्ट खरी आहे.

पटवून देण्याचा हट्ट नाही. वडगावातलं ते घर अजून आहे, आजूबाजूचे विजेवरचे माग अजून चालतात, आणि सौम्या आता डाव्या हाताने लिहिते. शाळेत कुणी विचारलं तर दारात बोटं सापडली असं सांगायचं, हे घरात ठरलेलं आहे.

दारात बोटं सापडली नव्हती.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. बेळगावच्या उन्हाळ्यातली, करंट गेल्यावरची.

सुरुवात एका रविवारी झाली. सौम्याची आई नीलम हिच्या वडिलांचा, मारुतीअण्णांचा, तो शेवटचा रविवार. त्या दिवशी तसं काहीच वाटलं नव्हतं.

अण्णा हायस्कुलातले खेळाचे मास्तर. निवृत्त झाल्यावर घरचे माग भावाच्या हवाली करून त्यांनी पुढची खोली जुन्या लाकडी रॅकेटींनी भरून टाकली. टेनिसच्या, बॅडमिंटनच्या, कॅम्पातल्या बंगल्यांच्या अडगळीतून शोधून आणलेल्या. प्रत्येकीचं डोकं एका लाकडी चौकटीत आवळलेलं. त्या चौकटीला ते प्रेस म्हणत. दमट हवेत लाकूड वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पट्ट्या, चार कोपऱ्यांना चार बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टवर फुलपाखरासारखे दोन कान असलेला नट. बोटांनी पिळायचा.

त्या रविवारी नीलमचा नवरा विक्रम निपाणीहून एक रॅकेट घेऊन आला. तंबाखूच्या एका व्यापाऱ्याचं जुनं घर पाडत होते, तिथे ती सरपणात पडली होती.

"मामा, ही बघा. हिच्यावर पापड वाळवत हुते म्हणं."

"तुमास्नी काय कळतंय, जावई? मूठ बघा, मूठ." अण्णांचा चेहरा उजळला होता. "बुडाला कशी फाकलीय, माशाच्या शेपटीवानी. कंपनीचं नाव पुसलंय, पर मुठीनं वय सांगितलं. माझ्या बापापेक्षा थोरली हाय ही."

"मग पाया पडू का हिच्या?"

"पडा की. पापड वाळवण्यापेक्षा बरं!"

सगळे हसले. नीलमही हसली.

तेवढ्यात सौम्याने ती रॅकेट उचलून हवेत फिरवली. अण्णांनी नातीचा हात मध्येच धरला. अंगठ्याने मनगट चाचपलं. लाकूड चाचपावं तसं.

"लई सैल हाय गं हिचं मनगट." त्यांनी नीलमकडे पाहिलं. "तुझं बी असंच हुतं. सरळ केलं का न्हाय मी?"

नीलमच्या ओठांवर काहीतरी आलं.

"चहा टाकू का, अण्णा?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा त्याच खोलीत खुर्चीत बसलेले सापडले. मांडीवर निपाणीची रॅकेट. हात गार.

नीलम खूप रडली. तिचं वडिलांवर प्रेम होतं. रॅकेटचं डोकं एका बाजूला कलंडलेलं असेल तर ती फार जुनी, कडेला लाकडाचे जास्त थर दिसले तर अलीकडची, जाळीची तात आतड्याची की नायलॉनची ते बोटाने वाजवून ऐकायचं... हे सगळं तिला त्यांनीच शिकवलं होतं. वाचायची गोडीही त्यांनीच लावली होती.

आणि आणखी एक गोष्ट त्यांनी केली होती.

लहानपणी तिचं मनगट फटका मारताना वाकायचं. अण्णा मग भिंतीवरची एक प्रेस काढायचे. आतली रॅकेट बाजूला ठेवायचे, आणि तिचा उजवा पंजा त्या पट्ट्यांमध्ये सरळ मांडायचे. आधी एका कोपऱ्याचा नट, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्याचा. दाब सगळीकडे सारखा पडावा म्हणून.

"लाकूड वरडतंय काय? न्हाय न्हवं? मग तू बी वरडायचं न्हाय. वरडलीस तर आणखी एक फेरी."

एकदा त्यांनी इतकं आवळलं की चौथ्या नटाचा कान तुटून उडाला. त्यांनी तिथे साधा सहाकोनी नट बसवला. तो बोटांनी फिरत नव्हता. पान्याने फिरवावा लागे.

ती कधीच ओरडली नाही. नंतर अण्णा तिला मांडीवर घेऊन खव्याचा गोड कुंदा भरवत.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णांची बहीण चंपाआत्ती हिने दिव्यापुढे पीठ पसरलं आणि वर बुट्टी, वेताची टोपली, पालथी घातली. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, त्याची खूण सकाळी पिठात दिसते असं मानतात. कुणाच्या पिठात पाखराचा पाय उमटतो, कुणाच्या गाईचा खूर.

सकाळी आत्तीने बुट्टी उचलली... आणि तिने हात जोडून कपाळाला लावले.

"पोराचा हात! माणसाच्या जल्माला गेला गं माझा भाऊ. रडू नगं नीलम, परत येतोय त्यो."

बायकांनी पदराने डोळे टिपले. कुणीतरी म्हणालं, पुण्यवान माणूस.

नीलम वाकली.

पिठात लहान पंजा होता. पण बोटं एकमेकांना चिकटलेली, चेपलेली.

आणि पंजाच्या चार बाजूंना चार खुणा.

तीन खुणांना दोन-दोन कान होते.

चौथी सहाकोनी होती.

जुनी वस्तू ओळखताना नाव बघायचं नाही, खुणा बघायच्या, असं अण्णा सांगत. नीलमला ओळख पटायला क्षणही लागला नाही. तिने हाताने पीठ विस्कटलं.

"अगं, काय करतीस?" आत्ती ओरडली.

नीलम पुढच्या खोलीत गेली. सहाकोनी नटाची ती प्रेस खिळ्याला तशीच टांगलेली होती. तिच्यातली रॅकेट मात्र खाली फरशीवर पडली होती. रिकामी प्रेस कुणीतरी गच्च आवळून ठेवली होती. पट्ट्यांमध्ये कागदही गेला नसता.

तिने नट सैल केले. चौथा पान्याने.

पट्ट्यांना आतून पीठ लागलं होतं...

विधी उरकले, पाहुणे गेले. विक्रम निपाणीला कामावर गेला. नीलम सौम्याला घेऊन सुट्टीपुरती तिथेच राहिली, घर आवरायला.

वडगावात दिवसभर माग चालतात. खट-खट, खट-खट. तिथल्या माणसांना तो आवाज ऐकूही येत नाही. करंट गेला की मात्र सगळे एकदम थांबतात, आणि ती शांतता कानात दुखते.

त्या दुपारी करंट गेला.

माग थांबले.

पुढच्या खोलीतून आवाज आला.

किर्र...

नीलम भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

किर्र...

किर्र...

मग थोडा वेळ काहीच नाही. पाना शोधायला लागावा, तेवढा.

टक.

ती धावली. खोलीत कुणी नव्हतं. प्रेस भिंतीवर होती. पुन्हा गच्च आवळलेली. खाली सौम्या चित्र काढत बसली होती. खडू गळून पडला होता. तिचा उजवा हात फरशीवर सपाट पसरलेला, बोटं चिकटलेली, पांढरीफटक.

"सौम्या! काय झालं गं?"

मुलगी गप्प. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून आवाज नाही.

नीलमने भिंतीवरची प्रेस ओढून काढली, नट भराभर उलटे फिरवले. चौथा नट पान्याने सैल झाला तसा सौम्याच्या बोटांत रंग परत आला.

"मला हाक का मारली नाहीस?"

"आजोबा नको म्हणाले."

नीलमने त्याच दुपारी कोयता घेतला. प्रेसच्या पट्ट्यांचे तुकडे केले आणि परसातल्या बंबात घातले. जुनं, वाळलेलं लाकूड. भडभडून जळालं. शेजारची दिपाली कुंपणावरून म्हणाली, "एवढ्या उन्हाचं आंघोळीचं पाणी तापवतीस व्हय गं?"

"जुनं सरपण हाय," नीलम म्हणाली.

जाळ विझल्यावर तिने काठीने राख उकरली. लोखंड जळत नाही.

चार बोल्ट सापडले. कान असलेले तीन नट सापडले.

चौथा नट सापडला नाही.

तिने राख चाळली. बंबाखालची जमीन खणली. नाहीच.

तिने विक्रमला फोन लावला. म्हणाली, आत्ताच्या आत्ता न्यायला ये. त्याने काही विचारलं नाही, निघतो म्हणाला. निपाणीहून यायला वेळ लागतो. तिने पिशव्या भरल्या. पुढच्या खोलीला बाहेरून कडी घातली. सौम्याला स्वयंपाकघरात शेजारी बसवून तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

बाहेर माग चालू होते. खट-खट, खट-खट. तिला तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा बरा वाटला.

आणि पुन्हा करंट गेला.

किर्र...

आता हा आवाज पुढच्या खोलीतून येत नव्हता.

तो तिच्या हातांतून येत होता.

किर्र...

नीलमच्या दोन्ही तळव्यांच्या मध्ये सौम्याचा हात चेपत चालला होता. कुणीतरी तिचे तळवे बाहेरून दाबत होतं. तिला ते दूर करता येईनात. तिचेच हात आता पट्ट्या झाले होते.

किर्र...

सौम्याने ओठ दातांखाली धरला. रक्त आलं. आवाज नाही. नीलम लहानपणी बसायची, अगदी तशीच ती बसली होती. ताठ. शहाण्यासारखी.

हवेत जवसाच्या तेलाचा वास आला. अण्णा रॅकेटींना जवसाचं तेल लावत.

मग शांतता. पाना शोधायला लागावा, तेवढी.

नीलमच्या घशात इतकी वर्षं जे अडकलं होतं, ते वर आलं. तिला ते अडवता आलं नाही. अडवायचंही नव्हतं.

"दुखतंय, अण्णा!" ती ओरडली. "तवाबी दुखत हुतं! दर वेळी दुखत हुतं! सोडा तिला!"

कुणीतरी तिच्याकडे वळून पाहिल्यासारखं वाटलं.

"आई, गप." सौम्या कुजबुजली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "वरडलं की आणखी एक फेरी..."

टक.