सुरयांच्या बेटावर

पुनमला त्या बेटावर जाऊन यायचंच होतं. इसापूर धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की मधोमध एक लांबट, उघडाबोडका उंचवटा वर येई. पूर्वी तिथे कुणाकुणाची शेतं होती म्हणत. आता त्या गोटाळ माळावर सुरय पक्षी अंडी घालत. काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे, बाकी पांढरेशुभ्र. त्यांच्या घरट्यांची मोजदाद करायची, फोटो काढायचे आणि विणीच्या दिवसांत तिथे कुणी उतरू नये असा अर्ज त्या फोटोंसह वनखात्याला द्यायचा, असा तिचा बेत होता.

पुनम पुण्याच्या एका निवासी शाळेत शिष्यवृत्तीवर अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा करत होती. तिथे नुसत्या परीक्षा देऊन भागत नसे. दोन वर्षांत कलेचं, खेळाचं, सेवेचं काम करायचं, त्याचा पुरावा शाळेच्या पोर्टलवर चढवायचा आणि त्यातून आपल्याला काय उमगलं ते लिहायचं. पुनमने सगळं केलं होतं. पहाटे मैदानावर एकटी पळाली होती. वसतिगृहाच्या गच्चीवर एकटीने चित्रं काढली होती. ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं एकटीने चिकटवली होती. सुट्टी लागण्याआधी मॅडमनी तिच्या नोंदी चाळल्या आणि हळूच विचारलं, की यात तुझ्याबरोबर कुणीच कसं नाही? एक तरी उपक्रम इतरांच्या सोबतीने व्हायला हवा, असा नियमच होता. त्याशिवाय डिप्लोमा मिळणार नव्हता.

वर्गातल्या दोघी तिच्यासाठी हिंगोली जिल्ह्यातल्या तिच्या धरणकाठच्या गावी येणार होत्या. निघायच्या तोंडावर दोघींचा सारखाच निरोप आला, जमत नाही म्हणून. पुनम वडिलांच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसली. गिरणीच्या घरघरीत कुणी काही विचारत नाही, तेवढंच बरं होतं.

मग ती वैष्णवीकडे गेली. दहावीपर्यंत दोघी एका बाकावर बसायच्या. पुनम पुण्याला गेली आणि वैष्णवी भावाबरोबर धरणात जाळी टाकायला जाऊ लागली. सुरुवातीला फोन व्हायचे. पुढे तेही थांबले. कुणी थांबवले ते दोघींनाही सांगता आलं नसतं. पुनमने दारात उभ्या उभ्या बेत सांगितला. वैष्णवी जाळ्याची गाठ मारत ऐकत होती.

“मला काय करायचं हाय?” तिने विचारलं.

“सोबत यायचं. आणि फोटोत दिसलीस की झालं.”

वैष्णवीने मान वर केली. “फोटोपुरतीच लागते व्हय मी?”

पुनम तशीच परत फिरली. वैष्णवी मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे काठावर हजर होती. तिचा मोठा भाऊ हनुमान पत्र्याची होडी पाण्यात लोटत होता.

पाणी अजून निळसर करडं होतं. हनुमान वल्हवत होता आणि जागोजागी पाण्यातून बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे वर आलेले दिसत होते. धरण भरलं तेव्हाच त्या मेल्या होत्या. खोडं तेवढी जागच्या जागी उभी राहिली होती. त्यांच्या अंगाला होडी खरवडली की पत्रा किंचाळे. हनुमान सांगत होता, की हीच जागा माशांची आणि हीच जाळी फाटायची. पुनमच्या मांडीवर शाळेकडून मिळालेली पिवळी, पाणी न शिरणारी पेटी होती. कॅमेरा त्यात होता. वैष्णवी पुढे तोंड करून बसली होती आणि पुनमला सारी वाट तिची पाठच दिसत राहिली.

बेटाजवळ पाणी उथळ झालं. होडी पुढे जाईना. हनुमानने दोघींना चिखलाच्या एका पट्ट्यावर उतरवलं. आपण बेटापलीकडच्या बाभळींतली जाळी उचलून दुपारी परत येतो, असं सांगून तो निघून गेला.

चिखल वरून सुकलेला, भेगाळलेला दिसत होता. पुनम चार पावलं गेली आणि तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला तिने दुसऱ्यावर जोर दिला, तर तो मांडीपर्यंत गेला! ती जितकी धडपडली तितका चिखल तिला आत ओढू लागला. वैष्णवी धावली नाही. होडीतून बरोबर घेतलेला बांबू तिने आडवा टाकला, त्यावर पोटावर झोपली आणि पुनमची पेटी आधी मागून घेतली.

“हलू नको. आडवी पड माझ्याकडं. पाय आपोआप सुटतो.”

आडवं पडायचं म्हणजे तोंड चिखलात. पुनम पडली. चिखलाने तिला हळूहळू सोडलं. पलीकडच्या गोट्यांवर पोचल्यावर दोघी धापा टाकत बसल्या. क्षणभर वैष्णवीच्या चेहऱ्यावर हसू येऊ पाहत होतं. तेवढ्यात पुनमने पेटी उघडून कॅमेरा ठीक आहे का ते पाहिलं आणि ते हसू तिथेच मावळलं.

बेटावर पाऊल ठेवताच सुरय उठले. शेकडो पांढरे पंख डोक्यावर घिरट्या घालू लागले, कर्कश ओरडत अगदी केसांपर्यंत सूर मारू लागले. खाली काटकी नाही, गवत नाही. गोट्यांमधल्या खळग्यांत गोट्यांच्याच रंगाची अंडी! पुनम जपून पाऊल टाकत मोजत होती, फोटो काढत होती. वैष्णवीला तिने दोनदा इकडे उभी राहा, तिकडे वाक, असं सांगितलं. वैष्णवीने ऐकलं. तिसऱ्यांदा ती जागची हलली नाही. ऊन चढलंय, पाखरं वर आहेत आणि अंडी उघडी पडलीत, भाजून निघतील, असं ती म्हणाली. पुनमने आणखी थोडेच फोटो म्हणून विनवलं. मग तिचंच लक्ष एका पक्ष्याकडे गेलं. तो अंडी गार ठेवायला पाण्यात पोट भिजवून आला, त्यांच्यापासून हातभर अंतरावर घुटमळला आणि घरट्यावर बसायचं धाडस न होऊन पुन्हा उडाला. ओल्या पोटाने तो वरच फिरत राहिला.

पुनमने कॅमेरा बंद केला.

दोघी बेटाच्या टोकाला जाऊन बसल्या. पक्षी एकेक करत खाली उतरले. भाकरी खाताना दोघींत हातभराचं अंतर होतं, पण बोलायला काही निघेना. पुण्यात मोठ्या जेवणघरात ताट घेऊन बसताना पुनमला जसं वाटे, तसंच इथेही वाटलं. फरक इतकाच की तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं आणि इथे बसलेल्या मुलीला तिच्या हातावरचा भाजल्याचा डागसुद्धा कशाचा ते माहीत होतं.

दुपार कलली. हनुमान आला नाही. फोनला रेंज नव्हती. वायव्येकडे आभाळ आधी पिवळट झालं, मग काजळलं. वारा एकदम पडला. पक्षीही गप्प झाले.

“वळवाचं येऊन राहिलं,” वैष्णवी म्हणाली आणि उभी राहिली.

ते आलंच! समोरचा काठ धुळीत नाहीसा झाला. पाण्यावरून काळी रेघ धावत आली आणि वारा अंगावर आदळला. गोटे घरंगळू लागले. पावसाचे थेंब खड्यांसारखे लागत होते. दोघी एका उंचवट्याआड पालथ्या पडल्या. लाटा बेटावर चढत होत्या. खालच्या बाजूची घरटी एका लाटेसरशी गेली. पुढच्या लाटेने आणखी गेली. पुनमने डोळे मिटून घेतले. वाऱ्यात तिला वैष्णवीचा श्वासही ऐकू येत नव्हता. आपण इथे संपलो तर ते कळायलाही कुणाला वेळ लागेल, असा विचार तिच्या मनात आला. भीतीपेक्षा त्या विचाराचाच गारठा जास्त होता.

मग पत्रा गोट्यांवर घासल्याचा आवाज आला.

होडी आली होती. अर्धी पाण्याने भरलेली, एका अंगाला कललेली. फळीखाली एकच वल्हं अडकलेलं होतं. हनुमान होडीत नव्हता.

वैष्णवीने एकदाच हाक मारली. “दादा!” वाऱ्याने ती परत तिच्याच तोंडावर फेकली. त्यानंतर तिचे हातपाय हलेनात. होडीचा काठ धरून ती नुसती उभी राहिली. पुनमने तिला कधी अशी पाहिली नव्हती. पुनमच्या लक्षात आलं, की वारा वायव्येचा आहे, होडी वाऱ्याबरोबर आली आहे, म्हणजे हनुमान तिकडेच, बाभळींत असणार. तिने वैष्णवीचा दंड धरून ते सांगितलं आणि विचारलं, “एका वल्ह्यावर जाता येईल?”

वैष्णवीने पाण्याकडे पाहिलं. “वल्हवून न्हाई जमणार. खोडाखोडाला धरत जाऊ. पण पाणी उपसावं लागंल सारखं.”

उपसायला काही नव्हतं. हनुमानचा डबा वाहून गेला होता. पुनमने पिवळी पेटी उघडली. कॅमेरा, फोन, सगळं गोट्यांवर भर पावसात ओतलं आणि रिकामी पेटी घेऊन ती होडीत चढली.

वाऱ्याचा पहिला जोर ओसरला होता, लाटा मात्र तशाच होत्या. बेटाच्या आडोशाने होडी ओढत त्या वरच्या टोकाला गेल्या आणि तिथून पाण्यात घुसल्या. वैष्णवी बांबू रोवायची, होडी पुढे रेटायची, पुढचं खोड आलं की त्याला मिठी मारायची. पुनम उपसत होती. पेटी भरायची, फेकायची. भरायची, फेकायची. लाट एका फटक्यात सगळं परत आत टाकायची! तिचे खांदे भरून आले, मग बधिर झाले. एकदा होडी खोडावर आदळून आडवी झाली आणि दोघी एकाच बाजूला कोसळल्या. वैष्णवी ओरडली, पुनम पलीकडे झेपावली, होडी सावरली.

हनुमान एका बाभळीच्या बेचक्यात होता. दोन्ही हातांनी फांदी कवटाळून, मानेपर्यंत पाण्यात. त्याचे ओठ पांढरे पडले होते. होडी उलटता उलटता तो बाहेर फेकला गेला होता, आणि जाळं त्याच्या पायाला वेढून खाली खोडात गुंतलं होतं. पोहता येत असून त्याला हलता येत नव्हतं. लाट आली की पाणी त्याच्या नाकावरून जाई.

“पायाला हाय,” एवढंच तो म्हणाला.

वैष्णवीने कमरेची सुरी काढली. तिने पुनमकडे पाहिलं. “होडी सुटली तर तिघंबी गेलो. धरशील?”

“धरते.”

वैष्णवी पाण्याखाली गेली. पुनमने खोडाला मिठी मारली आणि पाय होडीच्या फळीखाली अडकवले. मेल्या बाभळीचे काटे मेलेले नसतात. ते तिच्या दंडात, तळहातात शिरले. होडी खेचत होती. लाट आली. तिने धरलं. दुसरी आली. होडीत पाणी चढत होतं आणि उपसायला हात मोकळा नव्हता! वैष्णवी वर आली, श्वास घेतला, परत खाली गेली. पुनम खोडाला गाल टेकवून कुणालाच ऐकू जाणार नाही अशा आवाजात पुटपुटत राहिली, “धरलंय. मी धरलंय.”

जाळं सुटलं. हनुमान एकदम हलका झाल्यासारखा वर आला. दोघींनी त्याला काखेत धरून मागच्या बाजूने आत ओढलं. मग पुनमने खोड सोडलं आणि वाऱ्याने होडी घराकडे वळवली.

परतताना त्या बेटाला लांबून वळसा घालून गेल्या. वरच्या भागात पक्षी उतरत होते. कॅमेरा आणि फोन तिथेच कुठेतरी पडलेले होते. वैष्णवीने थांबू का म्हणून विचारलं. पुनमने नकारार्थी मान हलवली. हनुमान थरथरत होता आणि त्याला आधी ऊब हवी होती.

काठावर सगळं गाव जमलं होतं. हनुमानला उचलून नेलं, त्याच्या मागे वैष्णवी गेली, तिच्या मागे बायका गेल्या. पुनम ओल्या कपड्यांनी तिथेच उभी राहिली. गिरणी बंद करून आलेल्या वडिलांनी खांद्यावरचं उपरणं तिच्या अंगावर पांघरलं आणि दोघं घरी गेली.

दोन दिवसांनी वडिलांच्या फोनवरून ती मॅडमशी बोलली. सगळं सांगितलं. मॅडम आधी तिच्या हातांबद्दल बोलल्या, हनुमानबद्दल विचारलं. नंतर जड आवाजात त्यांनी सांगितलं, की काही तरी पुरावा लागेल. अजून सुट्टी आहे, पक्षी बसलेलेच आहेत, तर एकदा परत जाऊन फोटो आणता येतील का? पुनम म्हणाली, की खालची सगळी घरटी गेली आहेत. जी उरली त्यांना आता पुन्हा उठवणार नाही.  मग हा उपक्रम मोजता येणार नाही, शाळा उघडल्यावर नवा काढावा लागेल, असं त्या म्हणाल्या. पुनमने बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही.

त्या संध्याकाळी ती एकटीच काठावर जाऊन बसली. तळहाताला पट्ट्या होत्या. पाणी सपाट पडलं होतं आणि दूर बेटावर पांढरे ठिपके वरखाली होत होते. पुण्याची गाडी, वसतिगृहाची खोली, जेवणघरातली ती कोपऱ्यातली जागा, हे सगळं पुढे होतंच. त्यात काही बदललेलं नव्हतं.

वल्ह्यांचा आवाज आला. वैष्णवी होडी घेऊन येत होती, एकटीच. हनुमानला अजून उठू देत नव्हते आणि जाळी टाकायची राहिली होती. तिने होडी काठाला लावली. फळीवर पसरलेलं जाळं गोळा करून एका बाजूला सारलं आणि रिकाम्या झालेल्या जागेवर हात आपटला.

“बस. पण त्या कडंला बस,” ती म्हणाली. “दोन्हीकडं वजन बराबर पायजे.”

पुनमने चपला काठावर काढल्या आणि ती पाण्यात उतरली.