नागीण उतरवायला आलेला उत्तरेश्वर

दारावरची पाटी मोहिनीने स्वतः रंगवली होती – 'पेशंटला भेटायला येऊ नये.' लिंबागणेशात वाचता येणारे पुष्कळ. वाचून परत जाणारा एकही नाही. आईची, चंद्रभागाबाईंची, केमो सुरू झाल्यापासून निम्मं गाव शिंकत, खोकत, हातात केळी घेऊन आत येऊन गेलं होतं. कॅन्सरने मेली नाही तर आपण मायेने मारू, असा जणू ग्रामसभेत ठराव झाला होता.

म्हणून त्या दुपारी दारात एक उंच तरुण दिसला, तेव्हा मोहिनीने हातातला झाडू खाली ठेवला नाही.

"तिथंच थांब. सर्दी?"

"न्हाई."

"कांजण्या होऊन गेल्यात?"

तो हसला. नुसत्या डोळ्यांनी, बाकी तोंडाला रुमाल होता. "सातवीत. तुला माहीत हाय की. माझ्या मागनं... तुलाच झालत्या."

झाडू किंचित खाली आला. उत्तरेश्वर... नागीण उतरवणाऱ्या आश्रुबांचा नातू. म्हातारा गेल्यापासून मंत्र याच्याकडे आलेला. एरवी ठिबकच्या नळ्या विकायचा. हातातल्या वाटीत फोडांवर लावायचा गेरू कालवलेला होता.

"तुला बोलावलं कुणी?"

"म्या बोलावलं," राधाकिशनकाका आतून म्हणाले. "वहिनीच्या कमरेला नागीण निघालीय. तोंड-शेपूट भिडायच्या आत उतरवाय पायजे."

"काका, सकाळपासून सांगतेय, जीप काढा, दवाखान्यात नेऊ; ती नागीण नाही, विषाणू आहे. कांजण्या बऱ्या झाल्या तरी तो मणक्याजवळच्या नसांत झोपून राहतो. शरीराची फौज जागी असते तोवर उठत नाही. केमोने कॅन्सरच्या पेशी मरतात, पण सोबत ही फौजही पातळ होते. मग तो उठतो. गोळ्या आजच सुरू झाल्या नाहीत तर अंगभर पसरेल, फुप्फुसातही जाईल."

"हे कॉलेजातल्या पोरींना शिकव," काका म्हणाले. "हितं माणूस मरायलंय."

मोहिनी तेच शिकवायची, जीवशास्त्र, बारावीला. रागाने तिची कानशिलं गरम झाली. आतून आईचं कण्हणं ऐकू आलं.

उत्तरेश्वरने उंबऱ्यातूनच आत पाहिलं. मग मोहिनीकडे... जरा जास्तच वेळ. वाटी ओट्यावर ठेवून तो म्हणाला, "काका, केमो चालू असलेल्या अंगाला गेरू लावायचा न्हाई. मंत्र उलटतो. आज्याचा नियम हाय. आधी दवाखान्याच्या गोळ्या, फोड वाळले की मग गेरू."

काकांनी तत्काळ जीप काढली.

बीडच्या दवाखान्यात सलाईनमधून औषध सुरू झालं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले; फोड वाळेपर्यंत केमो पुढे ढकलायची. बाहेरच्या बाकड्यावर मोहिनी उत्तरेश्वरपासून चांगलं हातभर अंतर ठेवून बसली.

"हा नियम कधीचा?"

"आजचा."

"मी सकाळपासून घसा फोडून खरं सांगतेय. तू एक थाप मारलीस अन् जीप निघाली."

"माय वाचली न्हवं?"

"उद्या दुसऱ्या कुणाची माय असेल. तिथं तू नसशील, तुझा गेरू असेल." ती त्याच्याकडे वळली. "आणि उपकार सांगू नकोस. सातवीत कांजण्या वर्गात तूच आणल्यास. माझ्या झाल्या, माझं करता करता आईला झाल्या. ही नागीण तुमच्याच घरची. आजोबा उतरवणार, नातू पसरवणार... चांगला धंदा आहे."

त्याने तोंडावरचा रुमाल सारखा केला. मग हळूच – "म्हंजे तुझ्या मणक्यात जे झोपलंय... ते माझं हाय?"

"विषाणू आहे तो."

"तेवढं तर तेवढं."

मोहिनीला हसू आलं, आणि त्याचा तिला भयंकर राग आला. "काकांना खरं सांग. ओट्यावर, चारचौघांत. मग बोल माझ्याशी."

त्याने सांगितलं. 'नियम खोटा होता, मंत्रही कामाचा न्हाई, नागीण निघाली की थेट दवाखाना गाठा.' काकांनी त्याला आज्याचं नाव बुडवणारा म्हटलं. दोघा-तिघांनी त्याच्याकडून नळ्या घेणं सोडलं. गावाला थाप चालते. थापेची कबुली चालत नाही.

मोहिनीशी मात्र तो बोललाच नाही. रोज संध्याकाळी यायचा आणि पाटीच्या अलीकडे, लिंबाखाली रुमाल बांधून उभा राहायचा. ती खिडकीतून बघायची, पडदा ओढायची... पुन्हा बाजूला करायची.

आईची केमो परत सुरू होऊन पार पडली, डॉक्टरांनी माणसांत मिसळायला हरकत नाही म्हटलं, त्या संध्याकाळी ती तरातरा बाहेर आली.

"किती दिवस उभा राहणार आहेस असा?"

"पाटी हाय न्हवं."

अख्ख्या गावात ती पाटी पाळणारा हा एकच निघाला होता. मोहिनीने ती खिळ्यावरून ओढून काढली.

"आत ये. हात धू आधी. कोपरापर्यंत."

तो न्हाणीकडे वळला. तिने तांब्याने त्याच्या हातावर पाणी ओतलं... गरजेपेक्षा बरंच जास्त.

आतून चंद्रभागाबाईंचा आवाज आला. अशक्त, पण खणखणीत.

"उत्तरेश्वरा, ती गेरूची वाटी टाकलीस का रं?"

"न्हाई मावशी. घरी हाय."

"ऱ्हाऊ दे. लग्नात भिंती रंगवाय लागंल."