सहावं कॉलेज

कोडं दिसायला सोपं होतं. वडजाई कॉलेजचा मुलींचा खो-खो संघ २०६१ साली आठ सामने खेळला आणि आठही जिंकला. तरी राष्ट्रीय स्पर्धेच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. असं का?

त्या संघाची कर्णधार माझी ताई, केतकी. तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. यादी लागल्यापासून ती धड जेवत नव्हती की बोलत नव्हती. मी सातवीत असले तरी राग आला की मला गप्प बसवत नाही. मी तडक कॉलेजच्या क्रीडागृहात गेले, तात्यांना जाब विचारायला.

तात्या म्हणजे सामन्यांचं वेळापत्रक आखणारा यंत्रमानव (माणसासारखं काम करणारं यंत्र). काहीही विचारा, सुरुवात अगदी पहिल्यापासून. म्हणून सगळे त्यांना तात्या म्हणतात.

"तात्या, यादी चुकलीय तुमची!"

"यादी बरोबर आहे, मधुजा. बस. तुमच्या गल्लीत खेळायचं तर आधी काय ठरवता?"

"कोण कुणाशी, कुठे, कधी. आणि भांडण झालं तर ऐकायचं कुणाचं."

"कॉलेजंही तेच करतात. जवळपासची, साधारण सारख्या ताकदीची कॉलेजं मिळून क्रीडामंडळ (ठरवून एकमेकांशी खेळणारा कॉलेजांचा गट) करतात."

तात्यांनी बोट उचललं आणि हवेत सहा हिरवे ठिपके उमटले. प्रत्येक ठिपका एक कॉलेज. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. सामने पडद्यावर दाखवून जे पैसे येतात, ते सगळ्यांत सारखे वाटायचे. जो पहिला येईल, त्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश (कुणी निवडायची वाट न बघता मिळणारी जागा).

"मग ताईच पहिली आली की!"

"आली. पण ती जागा मंडळाच्या नावावर असते, आणि मंडळात निदान सहा कॉलेजं असली तरच मिळते."

तात्यांनी एक ठिपका पुसला. पाच उरले.

गेलेलं कॉलेज कण्हेरखिंडीचं. आमच्या खोऱ्यातला सगळ्यात तगडा संघ. त्यांचे सामने देशभर बघितले जात, म्हणून एका बड्या मंडळानं त्यांना बोलावून घेतलं. आता ते विमानानं हजार हजार किलोमीटर लांब खेळायला जातात आणि तिथे सगळ्यांच्या शेवटी येतात. शेजाऱ्यांशी मात्र त्यांचा आता एकही सामना नाही.

"पण त्यांना जाऊ दिलं कुणी?"

"मुदतीआधी मंडळ सोडायचं तर उरलेल्या पाचांपैकी तिघांचं होकाराचं मत लागतं. ते मिळालं."

"कुणाकुणाचं?"

तात्यांनी नोंद उघडली.

"नोंद खुली असते, म्हणून सांगतो. आपल्या मंडळात कॉलेजचं मत कर्णधारानं द्यायची पद्धत आहे. तिसरं मत वडजाईचं होतं."

"माझं," मागून आवाज आला. ताई दारात उभी होती. डोळे सुजलेले. "तीन वर्षं त्यांनीच आम्हाला हरवून पहिला नंबर घेतला, मधुजा. वाटलं, जातायत तर जाऊ देत, ब्याद टळली. सहाचा नियम मी वाचलासुद्धा नव्हता."

"म्हणजे हे तूच केलंस!" मी ओरडले. ओरडले आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. ताईनं मान खाली घातली.

"तात्या, दुसरी काही वाट?" तिनं हळूच विचारलं.

"निवड समिती आहे. उरलेल्या थोड्या जागा ती देते. पण किती जिंकलात यापेक्षा कुणाला हरवलंत, हे ती बघते. कण्हेरखिंड गेली आणि तुमचे विजय हलके झाले. समितीनं आधी तुमचं नाव निवडून ठेवलं होतं. मग वगळलं."

तगडा शेजारी हरवतो खरा, पण त्याच्यामुळेच आपल्या जिंकण्याला वजन येतं. मला ते पुरतं कळलं, आणि कळून काडीचाही उपयोग नव्हता. ताई तिथल्याच बाकावर बसली आणि हुंदके देऊन रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले.

मग तात्या म्हणाले, "वाघझऱ्याला नवं कॉलेज निघालंय. संघ नाही. जूनपर्यंत संघ उभा राहिला, तर मंडळ पुन्हा सहाचं होईल."

"मी शिकवते त्यांना," ताई म्हणाली.

"अगं, पण जूनमध्ये तू कॉलेजात नसशील!"

"माहितीय मला."

पुढच्या रविवारी आम्ही वाघझऱ्याला गेलो. बारा मुली आल्या होत्या. एकीलाही धड बसता येत नव्हतं. ताईनं त्यांना रांगेत बसवलं, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. टोकाच्या मुलीनं विचारलं, "ताई, तुम्ही राष्ट्रीय खेळलाय?"

"नाही," ताई म्हणाली. "पाठीवर हात लागून खो ऐकू आल्याशिवाय उठायचं नाही. चल, पुन्हा."