आप्पांचे चार खोके

सत्तावीस वर्षं धनाजी शेडगे लोकांचे संसार पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून परदेशी पाठवत होता, आणि या सत्तावीस वर्षांत त्याच्या यादीत एक चमचासुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता. याचा त्याला गर्व होता, आणि का नसावा? काम करायची त्याची पद्धत ठरलेली. त्याचा मदतनीस शहाजी वस्तू उचलून मोठ्यानं नाव पुकारणार, धनाजी ते लिहून घेणार, मगच वस्तू कागदात गुंडाळायची. पुकारलं की लिहिलं. त्यात डोक्याचा संबंधच नव्हता, हात आपोआप चालायचा.

नेरूळचं हे घर कॅलगरीला निघालं होतं. नवरा विपुल, बायको जागृती, आठ वर्षांची मुलगी आणि विपुलचे वडील आप्पा, वय एकोणऐंशी. सप्टेंबरचा उकाडा होता. हॉलमध्ये चिकटपट्टीचा कर्रकर्र आवाज चालला होता आणि आप्पा मधोमध आपल्या लाकडी आरामखुर्चीत बसून सगळ्यांवर देखरेख करत होते. उभी हयात मिठागरात काढलेला माणूस, अंगानं काटक आणि आवाजानं खणखणीत.

"माजी खुर्ची पन येते ना रं?" त्यांनी विचारलं.

"येते की आप्पा."

धनाजीनं हे सहज म्हटलं. पाचच मिनिटांनी जागृतीनं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"भाऊ, एक काम होतं. आप्पा येत नाहीयेत आमच्यासोबत." ती त्याच्याकडे न बघता सिंकच्या नळाकडे बघत होती. "त्यांना सांगितलंय की आधी सामान जातं, मग आम्ही, मग त्यांचं तिकीट येणार. तर त्यांचंही सामान त्यांच्यासमोर बांधा. नंतर बाजूला काढा, कुणाला तरी देऊन टाका."

"आणि आप्पा?"

"पनवेलच्या पुढे एक वृद्धाश्रम बघितलाय. चांगला आहे. विपुलनं सगळं बघितलंय."

तिचे डोळे भरून आले होते, त्यामुळे धनाजीला तिचा धड रागही येईना. परक्याच्या घरात आपण कोण बोलणार? तो "बरं" म्हणाला आणि बाहेर आला. पण त्याला स्वतःचीच लाज वाटली, हे मात्र खरं.

पहिल्या खोक्यात आप्पांचा रेडिओ गेला. चिकटपट्टी लागली आणि जागृतीनं चहासाठी हाक मारली. दोन हातांवरून तीनदा मारली. आप्पांना ऐकूच आलं नाही. धनाजीनं खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले. ऐंशीला टेकलेल्या माणसाचे कान जायचेच, असं त्यानं मनाला सांगितलं. पण अर्ध्या तासापूर्वी याच माणसानं चौथ्या मजल्यावर बसून खाली गेट वाजल्याचं ऐकलं होतं आणि "पोरगी आली शालेतना" म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या खोक्यात गोधडी, उशी आणि पितळी तांब्या. शहाजी म्हणजे एकटा फ्रिज पाठीवर घेणारा गडी. तो खोका उचलायला वाकला आणि पुन्हा खाली बसला.

"च्यायला, काय भरलंय यात?"

"तुझ्यासमोर तर भरलं. गोधडी, उशी, तांब्या."

दोघांनी मिळून उचलला तेव्हा कुठे तो भिंतीपर्यंत गेला. शहाजी एरवी दिवसभर बडबडणारा माणूस, पण त्यानंतर वस्तूंची नावं पुकारण्यापलीकडे त्यानं तोंड उघडलं नाही.

मग तिसऱ्या खोक्यासाठी खुर्चीची पाळी आली. आप्पांना उठवायला धनाजीनं दंडाला धरलं आणि जोर लावला. जोर फुकटच गेला. भरलेला समजून उचललेला खोका रिकामा निघावा तसे आप्पा वर आले. त्यांच्या अंगाला मशेरीचा आणि खोबरेल तेलाचा वास असायचा, सकाळी धनाजीला तो दारातच आला होता. आता वास नव्हता. कसलाच नव्हता.

चौथ्या खोक्यात कपडे, काठी आणि मिठागरात मीठ ओढायचं जुनं फावडं, दांडा काढून. तो बंद झाल्यावर आप्पांनी पेन मागितलं.

"मी सही करतंय चारींवर. म्हंजे चुकामूक नाय होनार."

त्यांनी चारही खोक्यांवर नाव लिहिलं आणि भिंतीला टेकून बसून राहिले. त्यानंतर कुणी "आप्पा" म्हटलं की त्यांची मान त्या खोक्यांकडे वळायची, तिकडूनच कुणीतरी ओ देणार असल्यासारखी. नात जवळ येऊन बसली, पण लगेच उठून आईकडे गेली.

निघताना धनाजीनं यादीची एक प्रत आप्पांच्या खिशात घातली. "खाली माझा नंबर आहे. सामान कुठवर पोचलं विचारायचं असेल तर फोन करा." हेही नाटकच, पण एवढं तरी करावं असं त्याला वाटलं.

चूक त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. कंटेनर खाली उभा, कागदांवर शिक्के बसलेले, आणि यादीत आप्पांचे चारही खोके. शहाजीनं पुकारलं होतं आणि त्याच्या हातानं लिहिलं होतं. आता यादीपेक्षा एक नग जरी कमी भरला तरी तपासणीवाले सगळा कंटेनर उपसणार. त्यानं विपुलला गाठून कबूल केलं.

"अहो, एवढं एकच काम सांगितलं होतं तुम्हाला!" विपुल वैतागला. पण त्यांचं विमान दोन दिवसांवर आलं होतं. "जाऊ दे, टाका. तिकडे बघू."

धनाजीनं मान खाली घातली. आतून मात्र त्याला कुठेतरी बरं वाटलं होतं.

आप्पा खाली वॉचमनच्या खुर्चीत बसून चढणारं सामान बघत होते. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. कंटेनरचं दार बंद झालं आणि सील लागलं.

"काय कालोख झाला रं," आप्पा म्हणाले. डोळे उघडे होते.

ऑक्टोबरच्या शेवटी धनाजीला तुर्भ्याच्या गोदामात फोन आला. आश्रमातल्या बाळाबाई बोलत होत्या. आप्पांच्या खिशातल्या कागदावर नंबर सापडला म्हणाल्या.

"भाऊ, हे बसल्या जागी झुलतात हो. पंधरा दिवस झाले. उलट्या होतात. डॉक्टर म्हणतात पोट ठीक आहे. आणि सारखं विचारतात, बंदर आलं काय?"

"मुलाला कळवलंत?"

"कळवलं. औषध चालू ठेवा म्हणाले."

धनाजीनं फोन ठेवला आणि कॉम्प्युटरवर जहाज कुठे आहे ते काढलं. भर समुद्रात होतं. हवामान खराब होतं. त्यानं स्क्रीनवरची खिडकी बंद केली आणि दुसरं काम हातात घेतलं. योगायोग असतात, असं तो चहा पिताना शहाजीला म्हणाला. शहाजीनं कसला योगायोग ते विचारलंसुद्धा नाही.

नोव्हेंबरात बाळाबाईंनी पुन्हा फोन केला. आता झुलणं थांबलं होतं, नुसते बारीक हादरे बसत होते अंगाला. धनाजीला विचारावं लागलं नाही. बंदरापासून पुढे सामान आगगाडीनं जातं. मग एक दिवस हादरेही थांबले आणि त्याच दिवशी कॅलगरीहून पोच आली. सगळे नग मिळाले, तक्रार नाही, खाली जागृतीची सही.

चला, पोचले एकदाचे, असं त्याच्या मनात आलं. मग हे आपल्या मनात कुणाबद्दल आलं, ते लक्षात येऊन तो चरकला.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी तो आश्रमात गेला, कारण बाळाबाई फोनवर रडल्या होत्या.

सकाळचे नऊ. बाकी म्हातारी माणसं पंख्याखाली बनियनवर बसली होती. आप्पा तीन ब्लँकेटांत. दात वाजत होते. धनाजीनं त्यांचा हात हातात घेतला आणि पटकन सोडून दिला.

बोटांची टोकं काळी पडली होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांनी मलाच विचारलं," बाळाबाई म्हणाल्या. "यांना बर्फात कुणी ठेवलं होतं का म्हणून. पनवेलात बर्फ, भाऊ?"

धनाजी व्हरांड्यात आला आणि जागृतीला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ होत होते. तिनं लगेच उचलला.

"ताई, आप्पांचे खोके कुठे आहेत?"

"गॅरेजमध्ये. उघडले नाहीत. फेकवतही नाहीत आणि घरात आणवतही नाहीत."

"गॅरेजमध्ये हीटर?"

"नाही."

"बाहेर किती थंडी आहे?"

"उणे चोवीस."

"घरात घ्या, ताई. हात जोडतो. आत्ता घ्या."

"नाही जमणार."

"का?"

तिचा आवाज अगदी खाली आला. "आतून खरवडल्यासारखं वाजतं, भाऊ. रोज. विपुल म्हणतो उंदीर असेल. पहिल्या दिवशी मी गेले होते बघायला. आता गॅरेजच्या दाराला घराच्या बाजूनं कडी लावते. मुलगी झोपते ना शेजारच्या खोलीत."

"ताई, ते कोण आहे ते तुम्हाला कळलंय."

तिनं फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागला नाही. दहा वेळा लावला.

तो आत गेला. बाळाबाईंनी घमेल्यात कोमट पाणी आणलं होतं आणि आप्पांचा उजवा हात त्यात धरून टाचणीनं नखं साफ करत होत्या. पाण्यावर काहीतरी तपकिरी तरंगत होतं. धनाजीनं चिमटीत घेतलं. पुठ्ठ्याचा भुगा होता.

"रोज काढते मी," बाळाबाई वर न बघता म्हणाल्या. "सकाळी बघावं तर परत भरलेला. आज नखाखाली रक्त पण आहे."