नितळ पाण्याचा संशय

"धर, धर! त्या दगडाखाली आणखी एक!" जेना ओरडली.

तळ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या सैमानं जाळी फिरवली. हाती आला बोटभर लांबीचा ट्राउट मासा. मेलेला! सकाळपासून अर्धी बादली भरली होती. शनिवारच्या जत्रेत ही पिल्लं मोठ्या सरोवरात सोडायची होती. गावच्या मासेमारी क्लबनं ती या तळ्यात वर्षभर वाढवली होती.

"हे त्या आर्वोचंच काम!" तळ्याची देखरेख करणारे लॅम्पीकाका काठावरून गरजले. "तांब्याचे दागिने आम्लात धुतो आणि घाण पाण्यात ओततो. उद्याच्या सभेत त्याला झोपडी खाली करायला लावतो की नाही बघा!"

सैमा, तिची मैत्रीण जेना आणि दहा वर्षांचा चुलतभाऊ ओइवा तडक ओढ्याकाठच्या त्या झोपडीकडे निघाले. झुडपांआडून ओइवानं मान उंचावली.

"निळंहिरवं पाणी! पिंपभर! सापडला चोर!"

"हळू बोल रे, भोंग्या!" जेनानं त्याला खाली खेचलं.

सैमा मात्र ओढ्याकडे बघत होती. एक पान तरंगत आलं, झोपडीसमोरून गेलं आणि खालच्या अंगाला दिसेनासं झालं.

"पान तळ्याकडून आलं," ती पुटपुटली. "झोपडी तळ्याच्या खाली आहे. आर्वोआजोबांनी पिंप ओतलं, तरी ते पाणी वर कसं चढणार?"

ओइवाचा चेहरा पडला. "म्हणजे चोर नाहीच?"

"चोर आहे, पण वर कुठेतरी. आणि मघाशी मला तळ्याचा तळ दिसत होता! गेल्या वर्षी माझी चप्पल पडली, तेव्हा चहासारख्या पाण्यात हात घालून चाचपावं लागलं होतं. पाणी एवढं नितळ झालं कसं?"

तिघं ओढ्याच्या काठानं वर चढले. दलदलीतून येणाऱ्या तपकिरी पाण्याच्या चराला फळ्या ठोकून बूच मारलेलं होतं. खिळे नवेकोरे! नेच्यांखाली एक काळा पाइपही लपला होता. तो जुन्या तांब्याच्या खाणीच्या दगडी ढिगाऱ्याखालच्या झऱ्यातून पाणी आणत होता. पाणी कसं? काचेसारखं!

"पाइप मीच टाकला," मुलांनी खाली येऊन विचारताच लॅम्पीकाका जराही न वरमता म्हणाले. "पाहुण्यांना मासे दिसायला नकोत? दोन्हीकडचं पाणी तपासणीच्या किटनं मोजलंय मी. तांबं दोन्हीकडे सारखंच! गढूळ पाण्यात मासे जगले, मग स्वच्छ पाण्यात का मरतील? पळा, खिमा भरलेली पास्ती खा आणि खेळा!"

"यांचं काहीतरी चुकतंय," वाटेत जेना म्हणाली.

"पण आकडा तर खरा आहे," सैमा म्हणाली. तेच तिला खुपत होतं. घरी येताच तिनं इंगाआत्याला फोन लावला. आत्या विद्यापीठात सरोवरांचा अभ्यास करायची.

"तांबं किती, एवढंच विचारलंत," आत्या म्हणाली. "ते कुठल्या रूपात आहे ते विचारा की! दलदलीच्या पाण्यात कुजलेल्या पानांचा अर्क असतो. तो तांब्याला धरून ठेवतो, म्हणून माशांना फारसा त्रास होत नाही. नितळ पाण्यात तांबं मोकळं फिरतं आणि कल्ल्यांना चिकटतं. मग माशाच्या अंगातलं मीठ पाण्यात निसटू लागतं. मोजताना मात्र किट दोन्ही प्रकारचं तांबं एकत्रच मोजतं!"

"हे लॅम्पीकाकांना पटेल?"

"सांगून नाही पटणार. दाखव!"

मुलांनी तीन बरण्या घेतल्या. एकीत दलदलीचं पाणी, दुसरीत पाइपचं. तिसरीतही पाइपचंच, पण त्यात दलदलीतली कुजलेली पानं रात्रभर भिजवून गाळून घेतली. सकाळी तिन्हींत डबक्यातल्या पाणपिसवा, म्हणजे ठिपक्याएवढे उड्या मारणारे जलजीव, सोडल्या.

संध्याकाळी सभेत लॅम्पीकाका बोलायला उभे राहिले. आर्वोआजोबा कोपऱ्यात टोपी चुरगळत बसले होते.

"थांबा!" सैमानं बरण्या टेबलावर ठेवल्या. "काका, आधी तुमच्याच किटनं मोजा ना!"

लॅम्पीकाकांनी आढ्यतेनं मोजलं. "तिन्हींत तांबं सारखंच. मी काय म्हणत होतो?"

"आता आत बघा!"

तपकिरी पाण्यात पिसवा टुणटुण उड्या मारत होत्या. नितळ पाण्यात सगळ्या तळाशी निपचित पडल्या होत्या. तिसरी बरणी हातोहात फिरली. तिच्यातही टुणटुण!

"हे तर माझ्याच पाइपचं पाणी..." काकांनी बरणी उजेडाकडे धरली.

"हो! तांबं तेवढंच. पानांच्या अर्कानं धरून ठेवलं, एवढाच फरक!" जेना म्हणाली.

"आणि आर्वोआजोबांची झोपडी तळ्याच्या खालच्या बाजूला आहे!" ओइवा टेबलावर चढून ओरडला. "पाणी वर चढतं का हो?"

सभेत हशा पिकला. लॅम्पीकाका हसले नाहीत. त्यांनी दाराशी टेकवलेली पहार उचलली आणि पहिले तेच बाहेर पडले.

फळ्या निघाल्या, पाइप उपटला गेला. तपकिरी पाणी खळाळत तळ्यात शिरलं. सगळे काठावर श्वास रोखून उभे होते. बराच वेळ काहीच हललं नाही. उशीर झाला की काय?

इतक्यात पाण्यावर एक माशी टेकली आणि टपकन गायब झाली!

"खाल्ली! खाल्ली!" ओइवा नाचायला लागला.

"आर्वो, चुकलो मी," लॅम्पीकाका खाली बघत म्हणाले.

"माझं राहू दे," आर्वोआजोबांनी सैमाच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळं गाव माझ्याकडे बोट दाखवत होतं. ही पोर तेवढी पाण्याकडे बघत होती!"

क्लबच्या अध्यक्षबाईंनी तिघांना पुढे बोलावलं. "शनिवारी पहिली बादली तुम्हीच सोडायची!"

टाळ्यांच्या गजरात सैमा तळ्याकडे वळून बघत राहिली. आता तळ अजिबात दिसत नव्हता. त्या गढूळ अंधारात मासे मजेत फिरत होते.