वाराच ना, ताई?

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं आहे. तिच्या तोंडून मी ते एकदाच ऐकलं. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

मावशीच्या वस्तीवर मोठं घर एकच. तिथल्या कर्त्या माणसाला सगळे 'थोरले' म्हणत. माणूस भला. मावशी विधवा झाली तेव्हा तिच्या घरावर पत्रे त्यांनीच टाकून दिले. पण दरारा असा, की थोरले शिंकले तर शेजारचा नाक पुसायचा! पेरणी कधी, कापणी कधी, कोणाशी बोलायचं, कोणाशी नाही... सगळं तेच ठरवायचे.

मावशीचा एकुलता एक लेक त्यांच्या कोठारात कामाला होता. एका कापणीला तो उंच लोखंडी कोठीत उतरला, धान्य त्याच्या अंगावर ढासळलं आणि तो त्यातच गेला.

"न सांगता उतरला पोरगा," थोरले म्हणाले.

वस्तीही तेच म्हणाली. "थोरल्यांनी आज कोठीत उतरायला सांगितलंय," असं लेक सकाळीच मावशीला सांगून गेला होता. तरी ती गप्प बसली.

त्यानंतर रोज संध्याकाळी तिच्या दारावर थाप पडू लागली.

दोन... थांबून एक.

लेक कामावरून आला की अशीच थाप मारायचा. मावशी धावत दार उघडायची. बाहेर कोणी नसायचं. उंबऱ्यावर फक्त धान्याचे चार दाणे...

ती घाबरली नाही. त्या थापेसाठीच ती दिवस ढकलत होती.

वर्षाने पुन्हा कापणी झाली. भर दुपारी सगळी वस्ती कोठारापुढे जमली. कोठी अजून रिकामी होती.

आणि आतून आवाज आला...

टक टक.

टक.

गप्पा थांबल्या. कोठीकडे कोणीच पाहिलं नाही. सगळे थोरल्यांकडे पाहत होते.

"वारा आहे," थोरले म्हणाले.

"हो, वाराच," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"वाराच की," शेजारीण म्हणाली.

झाडाचं पान हलत नव्हतं.

टक टक... टक.

थोरले मावशीकडे वळले. अगदी मायेने विचारलं, "वाराच ना, ताई?"

माझा लेक आहे तो, असं तिला ओरडायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण थोरल्यांना आजवर कोणी 'नाही' म्हटलंच नव्हतं.

"हो," मावशी म्हणाली. "वाराच आहे."

आवाज थांबला.

त्या संध्याकाळी दारावर थाप पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर कधीच नाही.

आता थोरलेही राहिले नाहीत. मागच्या महिन्यात मी मावशीकडे गेले होते. आम्ही जेवत असताना वारा सुटला, पत्रे वाजू लागले. मावशी घास टाकून उठली आणि तिने दार सताड उघडलं.

"ये रे," ती म्हणाली. "चुकलं माझं. ये ना घरात."

बाहेर कोणी नव्हतं.

"ऐकलंस ना गं?" तिने मला विचारलं.

पत्र्यांच्या खडखडाटात मला काहीतरी ऐकू आलं होतं. दोन... थांबून एक. पत्रेच असतील. पण 'वारा आहे' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

दार आम्ही बराच वेळ उघडंच ठेवलं.